बेबाबाईंचे बारा पेले

२५ मार्च १९९३ रोजी अमेरिकेतील एका वैद्यकीय साप्ताहिकात मुतखड्याविषयीची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या ४५,६१९ पुरुषांच्या खाण्यापिण्याची माहिती घेऊन त्यांच्यावर चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. आहारातून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाले, तसेच अधिक पाणी पिणाऱ्यांनाही कमी झाले, असे तीत आढळले. पाहणीत स्त्रिया नव्हत्या. तो गुरुवार होता. त्या दिवशी जळगाव जिल्ह्यातील धरणगावच्या एका जिनिंग कारखान्यात बेबाबाई सुपडू बिऱ्हाडे कामावर हजर होत्या, असे हजेरीपट सांगतो. त्यांना एकच मूत्रपिंड उरले होते आणि त्यातही खडा होता.

बेबाबाईंचे जन्मवर्ष शिधापत्रिकेवर १९४८ आहे, धुळ्याच्या रुग्णालयाच्या कागदावर १९५१. मुलगी मंदा दोन्ही नाकारते. तिच्या मते आई त्याहून लहान होती, कारण आजी "दुष्काळ सरला त्या साली" असे म्हणत असे. कोणता दुष्काळ, हे तिला सांगता येत नाही. कामाला लागल्याचे साल मात्र निश्चित आहे. १९७४च्या हजेरीपटावर त्यांचा अंगठा आहे, १९८१ पासून सही आहे. मधल्या वर्षांत वस्तीतल्या बुद्धविहारात चालणाऱ्या प्रौढांच्या वर्गात त्या अक्षरे शिकल्या. नवरा सुपडू रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होता. ही माहिती मुख्यतः तीन ठिकाणांहून आली आहे: जळगावचे डॉ. नेहेते यांच्या दवाखान्यातील कागद, मंदाची आठवण, आणि बेबाबाईंच्या शेजारच्या यंत्रावर एकोणीस वर्षे काम केलेल्या भागाबाई. या तिघांचे जेथे जुळत नाही, तेथे तसे नमूद केले आहे.

जिनमध्ये बायकांचे काम यंत्राच्या तोंडाशी कापूस लोटण्याचे. रुळांच्या पलीकडे रुई पडते, खाली सरकी. हवेत सतत बारीक तंतू असतात. नाकाला पदर बांधला तरी घसा कोरडा पडतो, आणि फेब्रुवारी संपताच पत्र्याखालची शेड तापू लागते. काम सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. रांजण शेडच्या दारातच होता आणि पाणी पिण्यास कोणाची मनाई नव्हती. तरी बायका पाणी पीत नसत. पुरुष कुंपणाच्या भिंतीमागे जात. बायकांना जायला जागा नव्हती. १९४८च्या कारखाना कायद्यानुसार स्त्री कामगारांसाठी स्वतंत्र, बंदिस्त सोय असणे आवश्यक आहे. या कारखान्याच्या १९७८च्या नकाशात ती दाखवलेलीही आहे: वजनकाट्याच्या मागे, दोन शौचभांड्यांची खोली. खोली बांधली गेली होती. भागाबाईंच्या सांगण्यानुसार तिच्यात पहिल्यापासून यंत्रांचे जुने पट्टे आणि बारदान भरलेले असे, आणि दाराला कुलूप.

त्यामुळे बायकांनी आपली एक रीत बसवली होती. नवी बाई कामाला आली की जुनी बाई तिला दोन गोष्टी शिकवी. कापूस लोटताना बोटे कुठपर्यंत न्यायची, ही पहिली. दुसरी, दिवस पाण्यावाचून कसा काढायचा. दुपारच्या भाकरीबरोबर एकच घोट घ्यायचा. एरवी मीठ चोळलेल्या चिंचेचा तुकडा गालात धरायचा, म्हणजे तोंडाला पाणी सुटते आणि तहान मरते. बेबाबाईंना हे भागाबाईंनी शिकवले आणि बेबाबाईंनी पुढे किमान सहा जणींना शिकवले.

पहिली कळ १९८५च्या फेब्रुवारीत आली. बेबाबाई यंत्रापाशीच उजवी कूस धरून खाली बसल्या आणि त्यांना उलटी झाली. बायकांनी आधी त्यांना दिवस गेले असावेत असा तर्क केला. घरी कुळथाचा काढा झाला, पानफुटीची पाने अनशापोटी खाऊन झाली. आठवड्याने कळ थांबली. खडा पडला, असे सर्वांनी मानले. पडलेला खडा कोणीही पाहिला नव्हता. कळ थांबणे म्हणजे खडा जाणे, ही समजूत त्या घरापुरती नव्हती, आजही नाही. खडा नळीत अडकून स्थिरावला, तर वेदना शमते आणि मूत्रपिंड मागच्या दाबाने आतल्या आत निकामी होत राहते. १९८७च्या जुलैत थंडीवाजून ताप येऊ लागला, तेव्हा बेबाबाईंच्या भावाने त्यांना धुळ्याला नेले. ऑगस्टमध्ये तेथे उजवे मूत्रपिंड काढावे लागले. खडा एका छोट्या बाटलीत घालून नवऱ्याच्या हाती देण्यात आला. परतताना सुपडूने एस.टी.च्या खिडकीतून ती बाटली वाटेतल्या नदीत टाकली. "हाई दुखनं घरमा काबर ठेवानं?" हे दुखणे घरात कशाला ठेवायचे, असे तो अहिराणीत म्हणाल्याचे मंदाला आठवते.

डॉ. नेहेते यांच्याकडील पहिला कागद त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा आहे. त्यावर लाल शाईत 'एकच मूत्रपिंड' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. सूचना अशा: दिवसाला बारा पेले पाणी. मीठ कमी. पालक, अंबाडी, टोमॅटो, शेंगदाणे बंद. दूध बंद. यातील शेवटची सूचना त्या काळी सर्रास दिली जाई. खडा चुन्यासारखा, दुधातही चुना, म्हणून दूध तोडायचे, असा हिशेब होता.

बेबाबाईंनी हा कागद ज्या कसोशीने पाळला, त्याविषयी दुमत नाही. अंबाडीची भाजी त्यांच्या घरात शिजेनाशी झाली. कागदावर नसलेल्याही गोष्टी त्यांनी सोडल्या. टोमॅटो बियांमुळे वाईट, असे कोणीतरी सांगितले, आणि वांग्यातही बिया असतात, म्हणून वांग्याचे भरीत बंद केले. हिवाळ्यात वस्तीत जिकडेतिकडे वांगी भाजली जात, तेव्हा त्या दार लोटून घेत. पाण्यासाठी त्यांनी स्वतःची पद्धत काढली. कोनाड्यात दोन डबे, एकात सरकीचे बारा दाणे. पेला प्यायला की एक दाणा दुसऱ्या डब्यात. झोपण्यापूर्वी पहिला डबा रिकामा झालाच पाहिजे. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाताना त्या दोन्ही डबे पिशवीत घालून नेत.

"किती पिता?" डॉक्टर विचारत.

"बारा. एक कमी नही, एक जास्त नही."

"शाब्बास. माझे शिकलेले पेशंटसुद्धा एवढं करत नाहीत."

हा संवाद १९८७ ते १९९२ या काळात थोड्याफार फरकाने नऊ वेळा झाला असावा. कागदांवर नऊ तपासण्यांची नोंद आहे आणि प्रत्येकीखाली 'पाणी: पुरेसे' असा शेरा आहे.

१९९२च्या नोव्हेंबरमधील एक्स-रेत डाव्या मूत्रपिंडात सात मिलिमीटरचा खडा दिसला.

त्या भेटीला मंदा बरोबर होती. ती तेव्हा वीस वर्षांची होती, लग्न ठरायचे होते. डॉक्टर चिडले होते, हे ते स्वतःही मान्य करतात. आतापर्यंत आपली फसवणूक झाली, असे त्यांना वाटले.

"बेबाबाई, मला खोटं सांगून तुमचं काय भलं होणार आहे?"

"खोटं नही डाक्टरसाहेब. सरकी मोजी ल्या."

"सरकी मोजून मी काय करू? दाणे इकडून तिकडे टाकायला पाणी प्यावं लागतं असं थोडंच आहे?"

बेबाबाईंनी दोन्ही डबे पुन्हा पिशवीत घातले. बाहेर आल्यावर मंदानेही तेच विचारले, आणि आई रस्त्यात थांबून म्हणाली, "तू बी?" पुढचे तीन महिने घरात पेल्यांवरून कुरबुर चालू राहिली. मंदा आता स्वतः मोजू लागली. मोजणी बरोबर निघत होती. पहाटे उठल्यावर आई सहा पेले एकामागून एक पिऊन अंधारातच बायकांबरोबर गोदरीवर, म्हणजे गावाबाहेर उघड्यावर, जाई. संध्याकाळी कामावरून आल्यावर पुन्हा सहा. अंधार पडल्यावर पुन्हा गोदरी. बारा पेले खरेच पोटात जात होते. संशयाला जागा उरली नाही आणि खडा मात्र होता.

फेब्रुवारी १९९३मध्ये जिनमधली एक बाई तापाने पडली आणि तिच्या जागी मंदा दहा दिवस कामाला गेली. आईचा दिवस तिने तोवर पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी अकराच्या सुमारास ती रांजणातून पेला भरून आईकडे गेली. तो प्रसंग मंदाने आणि भागाबाईंनी स्वतंत्रपणे सांगितला, आणि दोघींच्या सांगण्यात फार थोडा फरक आहे.

"माय, पानी पे ना वं. व्हट कितला सुकी गयात तुना."

"घर जाईसन पेसू. मनं माप चुकत नही."

"आठे काबर नही?"

आई कापूस लोटत राहिली. भागाबाई गालातली चिंच सावरत हसल्या. "वं मंदे, तुनी माय ऊंट शे, ऊंट! सकायले टाकी भरी लेस, मंग संध्याकायलोंग दखनंच नही."

"पन तहान लागस नही का तुमले?"

"लागस ना. पेई लिधं, मंग जाशी कोठे? धनसिंगना डोकावर?"

बायका खदखदून हसल्या. धनसिंग हा मुकादम होता आणि तो वीस पावलांवर उभा होता. मंदाही हसली. हसता हसता तिच्या हातातल्या पेल्यातले पाणी सांडले, असे भागाबाई सांगतात. मंदाला आठवते ते एवढेच, की दुपारी तिला स्वतःलाच जायचे होते, आणि भागाबाईंनी तिला कुलूप लावलेली खोली लांबून दाखवून म्हटले, "ती दख, सरकारनी आपलेकरता बांधेल शे."

त्या आठवड्याच्या सुटीला ती एकटीच जळगावला गेली. डॉ. नेहेते यांना तिने फक्त एवढे विचारले, की बारा पेले केव्हा प्यायचे असतात. डॉक्टरांनी तिला उलट चार प्रश्न विचारले आणि मग बराच वेळ कागद चाळले. "पाच वर्षं मी 'किती' विचारत होतो," ते म्हणाले. "पहाटेचं पाणी दहा वाजेपर्यंत मूत्रपिंडातून निघून जातं. त्यानंतर त्या उकाड्यात घाम, आणि संध्याकाळपर्यंत थेंब नाही. खडा वाढायला रोजचे आठ तास मोकळे." चिंचेविषयी त्यांना तेव्हाच कळले. आहार विचारला की बेबाबाई भाकरी, वरण, मिरची असे सांगत. गालात धरायची चिंच खाण्यात मोडते, असे त्यांच्या कधी मनात आले नव्हते. मीठ कमी करण्याच्या सूचनेनुसार त्या घरी भाजीत मीठ घालीत नसत आणि जिनमध्ये दिवसभर मीठ चोखत.

डॉक्टरांनी २ मार्चला कारखान्याच्या नावे चिठ्ठी लिहिली. तिची नक्कल त्यांच्या फायलीत आहे: 'रुग्णास एकच मूत्रपिंड आहे. कामाच्या वेळेत दर तासाला पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मुभा द्यावी.' बेबाबाईंनी ती वाचली. वाचता येत होते, हीच अडचण झाली. तो शब्द लिहिलेला कागद मुकादमाच्या हाती द्यायचा होता. धनसिंग त्यांच्याहून लहान, त्यांना अक्का म्हणणारा. चिठ्ठी घडी घालून त्यांनी चोळीत ठेवली आणि ती तेथेच राहिली. मंदा रोज विचारी. "देसू," आई म्हणे. चौथ्या दिवशी मंदा म्हणाली, "मरी जाशी, पन लाज सोडशी नही." त्यावर बेबाबाईंनी तिला सांगितले, की एकोणीस वर्षे त्या कारखान्यात त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिलेले नाही, आणि याचे कारण त्या तिथून कधीही, कशासाठीही, एकट्या उठून गेलेल्या नाहीत, हेच आहे.

चिठ्ठी नेमकी केव्हा दिली गेली, याबद्दल साक्षी वेगळ्या आहेत. मंदा आठवड्याने म्हणते, भागाबाई पंधरवड्याने. दिली, हे खरे. धनसिंगने ती मनातल्या मनात वाचली, पुन्हा घडी घातली आणि बुटाच्या टोकाकडे पाहत तो म्हणाला,

"अक्का, हाई शेठले देवानी व्हती. माले काय देस?"

"तू दे शेठले."

"खोलीनी किल्ली मनाजोडे नही. अन् मशीन सोडीसनी घडीघडी जाशी, ते मशीन कोन दखी?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "बाहेरना पटांगनमा जाय. तठे कापूस निवडानं काम शे. पल्याड बाभूयना आड कोनी दखत नही."

"उन्हमा?"

"उन्ह नाहीते तहान. दोन्हीमातून एक ले, अक्का."

त्यांनी ऊन घेतले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून हजेरीपटात त्यांचे नाव 'शेड' ऐवजी 'पटांगण' या सदरात आहे. कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पाने वेगळी काढण्याचे ते काम उघड्यावर चाले. मंदाने त्यांना मातीची सुरई दिली आणि डॉक्टरांनी पेल्यांची संख्या सोळावर नेली, कारण उन्हात घामही अधिक जाणार होता. बाभळीपर्यंत एकटे जायला त्या धजत नसत. पटांगणातली एखादी म्हातारी सोबतीला घेत, आणि सोबत नसेल तेव्हा पाणीही घेत नसत. ऑगस्टच्या कागदावर डॉक्टरांनी 'दूध बंद' ही ओळ खोडून 'ताक, दूध जेवणाबरोबर चालेल. लिंबूपाणी, मीठ न घालता' असे लिहिले आहे. अमेरिकेतील ती पाहणी तोवर त्यांच्या वाचनात आली होती का, हे विचारले असता त्यांना आठवत नाही. सहा वर्षांनी ताकाची वाटी हाती आली, तेव्हा बेबाबाईंनी आधी ती बाजूला ठेवली. आधी वाईट होते ते आता चांगले कसे, हा त्यांचा प्रश्न मंदाने डॉक्टरांपर्यंत नेला नाही.

डिसेंबर १९९३च्या एक्स-रेत खडा सात मिलिमीटरच होता. जून १९९४मध्येही तेवढाच. या दोन कागदांवरून खडा वाढायचा थांबला होता, असे म्हणता येते. याहून जास्त काही म्हणता येत नाही. दुसऱ्या कागदाच्या तळाशी मूत्रपिंडाचे कार्य पाहण्यासाठी रक्ततपासणीचा सल्ला आहे. तिचा निकाल कोठेही जोडलेला नाही. तपासणी झाली नाही की कागद हरवला, हे दवाखान्यातही कोणाला माहीत नाही.

१४ मे १९९५ रोजी बेबाबाईंच्या भाच्याचे लग्न जामनेरला होते. वऱ्हाड ट्रकने निघाले. मागच्या हौद्यात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, वर ताडपत्री. सकाळी निघून संध्याकाळी परतायचे होते आणि ट्रक कोठे थांबेल, हे पुरुषांच्या हाती होते. मंदा सासरी नरडाण्याला होती, ती या लग्नाला गेली नव्हती. भागाबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे, की नेरीच्या फाट्यावर ट्रक थांबला तेव्हा त्यांनी स्वतः बेबाबाईंना दोन पेले पाणी पाजले आणि लग्नाच्या मांडवातही त्या पाणी पीत होत्या. दुसऱ्या दिवशी आईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला म्हणून मंदा धरणगावला पोहोचली, तेव्हा आईने तिला वेगळे सांगितले: "ट्रकमा कोठे पेवानं, बाई? बठ्ठी मानसं." सगळी पुरुषमाणसे, त्यांना ट्रक थांबवायला कसे सांगायचे, असा त्याचा अर्थ. डाव्या कुशीत दुखत होते, पण ती गेल्या वेळेसारखी कळ नव्हती. दोन दिवस लघवी झालेली नव्हती. १७ मेच्या दुपारी जळगावला नेताना वाटेत बेबाबाई वारल्या. दवाखान्यात पोहोचल्या नसल्यामुळे कोणतीही तपासणी झाली नाही. मृत्यूच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात 'उष्माघात' असा शब्द आहे. नोंद करणाऱ्याने तो सुपडूला विचारून लिहिला. सुपडू म्हणतो, आपण फक्त "उन्हातून आली होती" एवढेच सांगितले.

भागाबाईंना मंदाचे म्हणणे सांगितले, तेव्हा त्या प्रथम रागावल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी पेलं व्हतं. तिले दिधं व्हतं. ती पेनी का नही, हाई मी दखं का? माले वाटनं पेनी." त्यानंतर त्यांनी या विषयावर बोलण्यास नकार दिला.

त्या तीन दिवसांत सात मिलिमीटरचा खडा सरकून एकमेव नळीत अडकला, की उष्म्याने आणि तहानेने मूत्रपिंडच थांबले, हे माहीत नाही. ट्रकमध्ये त्यांनी पाणी घेतले किंवा नाही, याविषयी दोन साक्षी आहेत आणि त्या परस्परविरोधी आहेत. काढलेल्या मूत्रपिंडातील खडा कधी तपासला गेला नाही. त्यामुळे तो कशाचा बनलेला होता, आणि अंबाडी, टोमॅटो, भरीत व सहा वर्षांचे दूध सोडण्याचा त्यांना काही उपयोग झाला का, हेही माहीत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी कारखान्याच्या मालकापर्यंत पोहोचली होती किंवा कसे, याची नोंद सापडलेली नाही.